फूटभर रुंद

पानशेत रस्त्यावर खानापूरला पाबे घाटाकडे वळलं की काही अंतर रस्ता भातखाचरांच्या मधून जातो. डांबर आहे, पण दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला कडेला उतरावंच लागतं. त्या दिवशी समोरून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. भारा एवढा की चेहरा त्यात बुडालेला. खाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि चिखलाने माखलेली पावलं तेवढी दिसत होती. मी हॉर्न दिला नव्हता. वेगही नव्हता, कारण गाडी परक्याची होती, जुनी, विकत घ्यावी का म्हणून चालवून बघत होतो, आणि तिची रुंदी अजून हातात बसली नव्हती. तरी बाई थांबली, भारा सांभाळत खालच्या चरात उतरली आणि घोटाभर पाण्यात पाठ करून उभी राहिली. ‘मावशी, राहू द्या, मी थांबतो,’ असं म्हणायला काच खाली करेपर्यंत मी पुढे गेलोही होतो. आरशात पाहिलं तर ती अजून चरातच. मागून आणखी एखादी येतेय का, ते बघत असावी. अशा गाड्या एकेकट्या येत नाहीत हा तिचा अनुभव असणार.

शेजारी ती विकणाऱ्या गाडीवाल्याने सोबत दिलेला पोरगा बसला होता. त्याला यात गाडीचा एक गुणच दिसला. ‘बघा साहेब, हॉर्नसुद्धा वाजवायला लागत नाय. लोकं आपोआप साइड देतात.’

मी काही बोललो नाही, पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात टोचत राहिलं. कारण याच रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं माझी मारुतीची जुनी, ताडपत्रीची जिप्सी घेऊन जातो आणि तिला आजवर कुणी साइड दिल्याचं मला आठवत नाही. म्हशी तर देत नाहीतच, माणसंही देत नाहीत. उलट हात दाखवतात. ‘कुठवर?’ असं मीच विचारायचं, मग मागच्या आडव्या बाकांवर दोन म्हाताऱ्या, एक शाळेचं दप्तर आणि कधी कधी कोंबडी घातलेली पिशवी. एकदा वेल्ह्याच्या बाजाराहून परतणाऱ्या एका आजोबांनी उतरताना ताडपत्रीला हात लावून पाहिला आणि ‘हे शिवून घ्या पावसाच्या आधी’ असं बजावून गेले. पैसे किती द्यायचे, हेही विचारलं होतं त्यांनी. बहुधा मला वडापवाला समजले. त्या क्षणी मला थोडा राग आला होता, हे खरं. आता आठवलं की बरं वाटतं.

तर गाडी २०१२ची फॉर्च्युनर. पांढरी, हे वेगळं सांगायला नको. तीन लिटरचं डिझेल इंजिन, मॅन्युअल गिअर, कायम चारही चाकांना ताकद देणारी, शेजारी लो रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरचा, छोटा दांडा. किंमत दहा लाखांच्या घरात, ‘बसून बोलू’ या प्रकारातली. वर्णन नेहमीचंच : डॉक्टरची गाडी, घरात उभी असायची, बायका-पोरांसाठीच काढायचे. जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांच्या गाड्या इतक्या निघतात की महाराष्ट्रातले डॉक्टर दवाखान्यात कधी जातात असा प्रश्न पडावा. हा ‘डॉक्टर’ कोण असावा हे मागच्या काचेवर वाचता येत होतं. काळी फिल्म तशीच होती. ज्या वर्षी ही गाडी शोरूममधून बाहेर पडली त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली होती, पण काही काचांपर्यंत कोर्ट पोचायला वेळ लागतो. फिल्मवर बाहेरून कधी तरी मोठी अक्षरं चिकटवलेली असणार. ती खरवडून काढली होती, तरी तिरक्या उन्हात गोंदाची कड उठून दिसत होती. ‘द’ला काना, परत ‘द’ला काना. पुढे अजून काही तरी होतं, बहुतेक एखाद्या गटाचं नाव. आणि बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर स्क्रूची दोन भोकं, पुटी भरून रंगवलेली. तिथे झेंड्याची दांडी होती. मी त्या भोकांवरून बोट फिरवलं तसा पोरगा म्हणाला, ‘ते आधीपासून आहे साहेब.’ आधीपासून म्हणजे कारखान्यातून की काय, हे मी विचारलं नाही.

मोठी गाडी हवी हे खूळ माझंच. घरात कुणी मागितली नव्हती. म्हणजे थेट मागितली नव्हती. बायकोचं माहेर चिपळूणजवळ. तिथे जिप्सीतून जाणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. चारही बाजूंना पाटे, म्हणजे ट्रकसारखे पट्ट्यांचे स्प्रिंग असलेली गाडी. कुंभार्लीच्या वळणांवर मजा वाटते, पण सातारच्या हायवेवर ऐंशीच्या पुढे नेली की स्टिअरिंग, ताडपत्री आणि दात एकाच सुरात वाजायला लागतात. बोलायचं तर ओरडून. गाणी लावण्याचा प्रश्नच येत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. खंबाटकीच्या उतारावर मागून लोड ट्रक येत असला की मी मुलगी मागच्या बाकावर कुठल्या बाजूला बसलीय ते मान वळवून बघतो. हे बघणं मला आवडत नाही. लग्न झालं तेव्हा बायको या गाडीवर हसायची, नंतर काही वर्षं सहन करायची, आणि अलीकडे सरळ ‘मी एसटीने येते, तू गाडी घेऊन ये’ असं म्हणते. बोलणं संपलं. चिपळूणला तिच्या भावाच्या अंगणात मी एकटा उतरतो आणि सगळे माझ्या मागे बघतात.

एक फूट.

दोन्ही गाड्यांच्या रुंदीत एवढाच फरक आहे. जिप्सी १५४० मिलिमीटर, ती १८४०. कागदावर हा आकडा काहीच वाटत नाही. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या रस्त्यांचा हिशेबच त्या एका फुटात आहे. यातले कितीतरी रस्ते कुणी आखलेले नाहीत. बैलगाडी जायची तिथे मुरूम पडला, मुरूम पडला तिथे कधी तरी निवडणुकीच्या आधी डांबर. बैलगाडीच्या दोन चाकांमधलं अंतर हेच त्यांचं मूळ माप. केळदकडे, मढे घाटाच्या अंगाला, पावसाळ्यात साइडपट्टी वाहून गेली की उरलेल्या डांबरावरून जिप्सी चारही चाकं कोरडी ठेवून जाते. या गाडीची डावी चाकं कायम चिखलात. आणि तो चिखल भातखाचराचा, वरून साय धरल्यासारखा घट्ट दिसतो आणि आत ढोपरभर मऊ. जिप्सी हजार किलोच्या आत-बाहेर आहे. रुतली तर पोरं गोळा होतात, एक-दोन-तीन म्हणतात आणि ती बाहेर. दोन टनांची गाडी रुतली की पोरं गोळा होतात ती फोटो काढायला. मग ट्रॅक्टर शोधा, दोर शोधा, टोचन लावा, आणि ट्रॅक्टरवाला गाडीकडे आणि तुमच्याकडे एकदा बघून जो आकडा सांगेल तो मुकाट द्या. गाडीच्या पोटाखालची उंची दोघींची जवळपास सारखीच, एक २१० आणि एक २२० मिलिमीटर. पण लांब गाडीचं पुढचं चाक बांध ओलांडून गेलं तरी मागचं अजून यायचंच असतं, आणि मधलं पोट बांधावर टेकतं. त्या दिवशी टेकलं. खर्र असा आवाज आला आणि पोरगा पहिल्यांदाच गप्प झाला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे जिप्सीचं कौतुकपुराण व्हायचं. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, अठराशे फेऱ्यांच्या आसपास, टर्बो जागा होतो तेव्हा पाठ सीटला अलगद दाबली जाते. आवाज जवळजवळ नाही. काचा वर, बाहेर पाऊस, आत कोरडं. माझी मांडी कोरडी आहे हे माझ्या लक्षात यायलाच वेळ लागला. जिप्सीत पावसाळ्यात उजवी मांडी ओलीच असते, दाराच्या झडपेतून पाणी कुठून येतं हे आजवर कुणाला सापडलेलं नाही. लो रेंज टाकून, ब्रेकला पाय न लावता, ती गाडी निसरड्या उतारावरून इतक्या शांतपणे खाली आली की मला तिचा आदरच वाटला. आणि पाबे घाटाच्या माथ्यावर थांबलो, एका बाजूला राजगड-तोरणा ढगात, दुसऱ्या बाजूला सिंहगडाचा टॉवर मधूनच दिसतोय, तेव्हा चहावाला स्वतः खाली आला. कप बशीत ठेवून आणला. मी तिथे किती चहा प्यायलोय त्याला गणती नाही, पण बशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तर, ते आवडलं. उगाच साधेपणाचा आव का आणा? पेट्रोल पंपावर पोरगं धावत आलं ते आवडलं. नांदेड सिटीच्या अलीकडे ट्रॅफिक हवालदाराने पुढच्या दुचाकीवाल्याला थांबवून मला जाऊ दिलं, तेही आवडलं. फक्त त्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून घसरून मागच्या सीटकडे जात होत्या. ते मला ड्रायव्हर समजत होते आणि मागे कोण बसलंय हे बघत होते. हातातलं जुनं घड्याळ आणि कॉलर विरलेला टी-शर्ट, दोष त्यांचा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या मेस्त्रीला दाखवली. हा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा बोनेट सगळ्यात शेवटी उघडतो. आधी त्याने पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटच्या टोकापर्यंत, आणि पट्टी उजेडात धरली. बेल्टचा जो भाग कायम खांबाच्या आत गुंडाळलेला असतो तो कुणी धुवत नाही, कारण तो कुणाला दिसत नाही. गाडी पुरात बुडाली असेल तर तिथे गाळाची रेघ सापडते. २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१ला चिपळूण. पाणी ओसरलं तसे घरांचे ओटे धुतले गेले आणि गाड्याही धुतल्या गेल्या, म्हणून तो हे करतो. बेल्ट स्वच्छ होता. मग सीटच्या रुळांखाली बोट घालून ते बघितलं, दाराचं रबर सोलून आतल्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके बघितले. डाव्या मागच्या दाराच्या चौकटीपाशी ठिपके नव्हते, सपाट पुटी होती. ‘लागलीय कधी तरी. मोठी नाही.’ काचांवरचे आकडे वाचले : पाच काचा एका सालच्या, एक वेगळी. इंजिन थंड होतं; ते सुरू करून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर तळहात धरला. वाफ येत होती, पण फेकत नव्हती. ‘इंजिन चांगलंय,’ असं म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात थोडी निराशाच होती. मीटरवर सव्वा लाख किलोमीटर होते. त्याने क्लचचं पेडल बघितलं, रबर एका कडेला गुळगुळीत होऊन खालचं लोखंड चमकत होतं. ‘एवढं झिजायला सव्वा लाखात डॉक्टरला नाचावं लागलं असतं.’

कागदांचं लांबण लावत नाही. २०२७ला आरसीची पंधरा वर्षं भरतात, मग फेरनोंदणीची फी आणि वर पर्यावरण कर. हे मी जिप्सीसाठी केलेलं आहे, त्यात नवल नाही. गाडीवाल्याने मला कचरताना पाहून दुसरी एक सुचवली होती, दिल्ली पासिंगची, बऱ्याच कमी पैशांत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे येतात. पण इथे परत रोड टॅक्स भरा, दिल्लीच्या आरटीओशी पत्रव्यवहार करा. ते मला झेपलं नसतं.

संध्याकाळी आईला खाली बोलावलं. खरं म्हणजे सगळी मोहीम तिच्या नावावर चालली होती. गुडघ्यांमुळे तिला जिप्सीत चढता येत नाही, मोठी गाडी आली की ती कोकणात येईल, असा माझा युक्तिवाद होता. तिने फुटबोर्डवर पाय ठेवला, वरचं हँडल पकडलं आणि थांबली. सीट अजून कमरेच्या वर होती. ‘अरे, हे तर तुझ्या जीपपेक्षा उंच,’ असं म्हणून खाली उतरली. मग मुलीने वरून पाट आणला. पाटावरून फुटबोर्ड, फुटबोर्डवरून सीट, आई बसली. मांडीवर हात ठेवून समोर बघत, एकदम गंभीर, सभेला आल्यासारखी. वॉचमन उगाचच उभा राहिला. ‘छान आहे,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण मी जाणार कुठे?’ मी म्हटलं, चिपळूणला, वेल्ह्याला, पंढरपूरला. ‘पंढरपूरला बस जाते,’ असं म्हणून तिने उतरण्यासाठी पाट मागितला.

पार्किंगचा घोळही त्याच वेळी लक्षात आला. सोसायटीत आमची जागा दोन खांबांच्या मध्ये. गाडी आत गेली, पण दार उघडेना. म्हणजे उघडत होतं, माणूस बाहेर येईल इतकं उघडत नव्हतं. मी शेवटी डिकीतून बाहेर पडलो. मुलीला हे फार आवडलं. बायको खांबाला टेकून उभी होती आणि काही म्हणत नव्हती.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी पान जमवत शांतपणे म्हणाला, ‘साहेब, एक विचारू? डोंगरात जायला तुमच्याकडे गाडी आहे. मग ही कशाला?’

‘हायवेसाठी. घरच्यांसाठी.’

‘हायवेला फोर बाय फोर?’

मी एअरबॅग, वजन, स्थिरता असं काही तरी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ‘मग इनोव्हा घ्या की. त्याच कंपनीची, पायरी बुटकी, आई आरामात चढतील. मागच्या पोरांना हवा लागते. एवढ्या पैशात चांगली मिळेल.’

हा माणूस माझा शत्रू नाही हे मला ठाऊक आहे. तरी इनोव्हा हा शब्द ऐकताच मला जे वाटलं ते वाटायला नको होतं. इनोव्हात काही वाईट नाही. लग्नाला जाणारी, शिर्डीला जाणारी, विमानतळावर उभी असणारी, कष्टाळू, भरवशाची गाडी. पण रविवारी सकाळी सहा वाजता मढे घाटाच्या वाटेवर चार जिप्स्या आणि थार उभ्या असताना मी इनोव्हातून उतरतोय हे चित्र मला बघवेना. चिपळूणला जाताना मढे घाट कुठे लागतो? कुठेच नाही. मग ते चित्र आलं कुठून? घरी येताना सिग्नलला थांबलो होतो, शेजारी एक तसलीच पांढरी उभी होती, मागच्या काचेवर ताजी अक्षरं, आत एकटा मुलगा, वय बावीस-तेवीस, स्टिअरिंगवर एक हात. हिरवा दिवा पडला आणि तो अर्धा सेकंद थांबला, आजूबाजूच्या दुचाक्या आपोआप मागे राहतात का ते बघण्यासाठी. राहिल्या. मग तो निघाला. पंचेचाळिशीनंतर मला याचीच भूक लागावी, आणि तीही आईच्या गुडघ्यांच्या नावाखाली, याची जरा गंमत वाटली. जरा लाजही.

गाडीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. रुंदी जास्त होते, असं म्हटलं. तो हसला. ‘साहेब, लोकं त्याच्यासाठीच घेतात.’ मग दहा मिनिटांनी पुन्हा फोन, पन्नास हजार कमी. मी नाही म्हणालो आणि त्या पन्नास हजारांतलं थोडं नाना पेठेत घालवलं : जिप्सीला नवीन पाट्यांचे बुश, दाराची झडप आणि चेनवाली ताडपत्री. पाणी अजून येतंच, आता डाव्या बाजूने.

हायवेचा प्रश्न मात्र तसाच आहे. ताडपत्री नवी केली म्हणून खंबाटकीच्या उतारावरचा ट्रक मागे राहत नाही, आणि बायको गणपतीला एसटीनेच गेली. परवा तिने जेवताना, भात वाढता वाढता, अगदी सहज विचारलं की मेस्त्री ती इनोव्हा म्हणत होता ती बघायला कधी जायचं. तिला हे कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही. मेस्त्रीची बायको आणि ही एकाच भिशीत आहेत. रविवारी जाऊ म्हटलं. फक्त पांढरी नको, एवढं सांगून ठेवलंय. तर आई म्हणाली, पांढरी उन्हात कमी तापते.